सुरावटीखालचे काम : मूव्हिंग हार्ट्स आणि 'द स्टॉर्म'

'द स्टॉर्म' ही 'मूव्हिंग हार्ट्स' या आयरिश वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका डब्लिनच्या टारा रेकॉर्ड्स या संस्थेने १९८५ साली प्रसिद्ध केली. तिच्यात एकही गीत नाही. आरंभापासून अखेरपर्यंत फक्त वाद्ये आहेत, आणि ती वाद्ये अशा तीन संगीतपरंपरांतून आलेली आहेत की त्यांना एका खोलीत बसवून काम करायला लावणे हीच मुळात अवघड गोष्ट होती. आयर्लंडच्या लोकसंगीतातील नृत्यधुना, प्रोग्रेसिव्ह रॉकमधील दीर्घ रचनेची सवय आणि जॅझ फ्यूजनमधील स्वरसंहतीची व तालाची जाण या तिन्हींचा मेळ येथे घातला गेला, असे या ध्वनिमुद्रिकेविषयी नेहमी सांगितले जाते. परंतु 'मेळ' म्हटल्याने प्रत्यक्षात काय काम झाले, ते कोणी केले आणि त्यासाठी कोणाला काय सोडून द्यावे लागले, हे कळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ते काम हा आहे, आणि ते दोन बाजूंनी पाहावे लागते : ज्यांनी ते वाजवले त्या वादकांच्या बाजूने, आणि ऐकून ते स्वरलिपीत उतरवू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या बाजूने.

प्रथम संज्ञांविषयी. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः इंग्लंडमध्ये वाढलेला रॉक संगीताचा तो प्रवाह, ज्याने तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट सोडून अनेक खंडांच्या, बदलत्या मात्रांच्या, कधी ध्वनितबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या. जॅझ फ्यूजन हा त्याच काळात अमेरिकेत घडलेला प्रवाह असून जॅझची स्वरसंहती आणि उत्स्फूर्त विस्तार, रॉकची विद्युत्वाद्ये आणि त्याचा सरळ, ठोस ठेका यांच्या एकत्र येण्याने तो ओळखला जातो. माइल्स डेव्हिस यांची १९७० सालची 'बिचेस ब्रू' ही ध्वनिमुद्रिका आणि त्यापाठोपाठ स्थापन झालेले 'वेदर रिपोर्ट' व 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हे वृंद ही त्याची सुपरिचित उदाहरणे होत. 'सेल्टिक' ही तिसरी संज्ञा मात्र जपून वापरायला हवी, कारण तिच्याखाली आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ब्रिटनी अशा अनेक प्रदेशांचे संगीत सरसकट गोळा केले जाते आणि प्रत्येकाचे वेगळेपण पुसले जाते. 'द स्टॉर्म'मध्ये जे आहे ते नेमकेपणाने आयरिश आहे : जिग, रील आणि स्लो एअर. जिग हा सहा मात्रांचा, तीन-तीन अशा दोन विभागांत चालणारा नृत्यप्रकार असून मात्रांच्या मांडणीपुरता तो दादऱ्यासारखा मोजता येतो. रील चार ठोक्यांचा आणि प्रत्येक ठोक्यात दोन स्वर घेत वेगाने धावणारा असतो. आणि स्लो एअर ही बहुधा जुन्या गीताची, ठेक्याशिवाय वाद्यावर संथपणे वाजवली जाणारी चाल असते.

या ध्वनिमुद्रिकेची पूर्वपीठिका आयरिश संगीताच्या वीस-पंचवीस वर्षांच्या घडामोडींत आहे. पूर्वी आयरिश नृत्यधुना एकेकटा वादक वाजवी किंवा नृत्यासाठी जमलेले वादक एकसुरात वाजवत. वृंदासाठी धुनेची जाणीवपूर्वक मांडणी करण्याचा विचार १९६० च्या दशकात शॉन ओ रीडा या संगीतकाराने केला, आणि त्याचे संगीतशिक्षण पाश्चात्य अभिजात पद्धतीचे असून जॅझ पियानोही त्याच्या हातात होता, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. १९७२ मध्ये क्रिस्टी मूर, अँडी अर्व्हिन, डोनल लनी आणि लियम ओ'फ्लिन या चौघांनी 'प्लँक्स्टी' हा वृंद स्थापन केला. त्यातून बाहेर पडलेल्या लनी यांनी पुढे 'बॉथी बँड'मध्ये नृत्यधुनांना असा आवेग दिला की ऐकणाऱ्यास तो रॉक वृंदाचा वाटावा. दुसऱ्या बाजूने 'हॉर्सलिप्स' या वृंदाने १९७३ च्या 'द टॉइन'मध्ये प्राचीन आयरिश आख्यान घेऊन रॉकच्या अंगाने दीर्घ रचना केली होती. १९८१ मध्ये मूर आणि लनी यांनी गिटारवादक डेक्लन सिनॉट यांच्यासह 'मूव्हिंग हार्ट्स'ची उभारणी केली, तेव्हा हे सर्व अनुभव त्यांच्या हाताशी होते. सिनॉट स्वतः हॉर्सलिप्सच्या अगदी आरंभीच्या काळात त्या वृंदात होते, त्यामुळे लोकधुनेशेजारी विद्युत् गिटार कुठे बसते आणि कुठे टोचते, याचे उत्तर नव्याने शोधण्याची वेळ या मंडळींवर आली नाही.

नवे होते ते दोन वादकांचे एकत्र येणे. एक म्हणजे इलन पाइप्स वाजवणारे डेव्ही स्पिलेन, आणि दुसरे जॅझची तालीम असलेले सॅक्सोफोनवादक कीथ डॉनल्ड. या दोन वाद्यांचा संबंध समजून घेतल्याशिवाय या संगीताचे कोणतेही विवेचन वरवरचे राहील, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

इलन पाइप्स हे तोंडाने फुंकायचे वाद्य नाही. वादक बसलेला असतो. उजव्या कोपराखाली बांधलेला भाता दाबून तो डाव्या काखेतील पिशवीत हवा भरतो आणि पिशवीवरील दाबाने ती नळ्यांत सोडतो. बोटांनी वाजवण्याची जी मुख्य नळी तिला चँटर म्हणतात. तिचा पल्ला दोन सप्तकांचा आहे. तिच्याजोडीला सतत एकच स्वर देणाऱ्या तीन नळ्या असतात, आणि मनगटाच्या कडेने चाव्या दाबून स्वरसमूह उमटवता येतील अशा आणखी तीन बंद नळ्या असतात. फुंकर नसल्याने हवा कोरडी राहते, त्यामुळे वाद्यातील वेताच्या जिभा अत्यंत नाजूक ठेवता येतात, आणि या नाजूकपणातच वाद्याची गोडी व त्याचा त्रास दोन्ही आहेत. हवेतील ओलावा बदलला, खोली तापली किंवा गार झाली की स्वर हलतो. मंचावर दिव्यांचा उष्मा आणि समोर गर्दीचा दमट श्वास असेल तर वादकाला वाजवण्याइतकेच वाद्य सांभाळण्याचेही काम करावे लागते. १९६८ मध्ये पाइपवादकांची 'ना पीबरी इलन' ही संस्था स्थापन झाली, तेव्हा हे वाद्य वाजवणारे मोजकेच उरले होते. २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. म्हणजे १९८१ मध्ये वीस-बावीस वर्षांच्या स्पिलेन यांनी जे वाद्य ध्वनिवर्धक, ड्रम आणि विद्युत् बेस यांच्या मध्यभागी आणून ठेवले, ते नुकतेच नामशेष होता होता वाचलेले वाद्य होते.

पाइप्सचा आधारस्वर, पेटीच्या भाषेत सांगायचे तर, पांढरी दोन असतो. सोप्रानो आणि टेनर सॅक्सोफोनची जडणघडण मात्र काळी पाचवर झालेली आहे, आणि त्यामुळे पाइप्सच्या घरच्या स्वरात वाजवताना सॅक्सोफोनवादकाची बोटे अशा पट्टीत जातात जी त्याच्या वाद्यावर वेगवान फिरतीसाठी सोयीची नाही. जॅझमधील सॅक्सोफोनवादक सपाट म्हणजे कोमल स्वरांच्या पट्ट्यांत वाढलेला असतो. येथे त्याला चार-चार तीव्र चिन्हांच्या पट्टीत, पाइप्सच्या वेगाने, श्वास घेण्यास जागा न ठेवणाऱ्या धुना वाजवायच्या असतात, कारण भात्याच्या वाद्यासाठी घडलेल्या धुनेत विश्रांतीची गरजच नसते. पाइपवादक अखंड वाजवू शकतो, सॅक्सोफोनवादक नाही. या एका शारीरिक भेदातून वृंदरचनेचे कितीतरी निर्णय निघतात : कोणत्या ओळीत दोघांनी एकत्र जायचे, कोठे सॅक्सोफोनने मागे सरून दीर्घ स्वर धरायचा, कोठे धुनेचा दुसरा भाग एकट्या पाइप्सवर सोडायचा. ऐकताना ज्या गोष्टी कलात्मक निवड वाटतात, त्यांतील बऱ्याच गोष्टींचे मूळ फुप्फुसांच्या आकारात आहे, आणि असे म्हटल्याने त्यांचे मोल कमी होत नाही.

स्वरांच्या जुळणीचा प्रश्न याहून कठीण. सतत वाजणाऱ्या आधारस्वराशी पाइपवादक आपला गंधार जुळवतो, तेव्हा तो नैसर्गिक गंधार असतो, म्हणजे कंपनसंख्येच्या ५ : ४ या प्रमाणातला. कळपाटीच्या आणि पडदे असलेल्या वाद्यांचा गंधार सप्तकाच्या बारा समान भागांतून आलेला असल्याने तो नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, येथे सेंट म्हणजे अशा एका अर्धस्वराचा शंभरावा भाग. हा वाद मराठी वाचकाला परका नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्यानंतर श्रुतींच्या पेटीचे प्रयोग झाले, आणि पेटीचे ठरीव स्वर गायकीला मानवतात की नाही यावर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली. त्या चर्चेचा गाभा हाच १४ सेंटचा फरक होता. मूव्हिंग हार्ट्समध्ये सिंथेसायझर, गिटार आणि बेस एका बाजूला व पाइप्स दुसऱ्या बाजूला अशी ही जुनी तेढ मंचावर उभी राहिली. तिच्यावर तात्त्विक उत्तर नाही, व्यावहारिक आहे : जेथे पाइप्स गंधारावर विसावतात तेथे इतर वाद्यांनी गंधार टाळावा आणि षड्ज-पंचमावर राहावे.

आणि येथेच डोनल लनी यांच्या बुझुकीचे महत्त्व कळते. बुझुकी हे मूळचे ग्रीक तंतुवाद्य १९६० च्या दशकात जॉनी मॉयनिहन यांच्यामार्फत आयर्लंडमध्ये आले; लनी यांनी त्याला सपाट पाठीचे रूप दिले आणि ते साथीचे वाद्य म्हणून रुजवले. त्याच्या तारा अशा लावल्या जातात की मोकळ्या छेडल्या असता प्रामुख्याने षड्ज-पंचमाचे अंतर ऐकू येते आणि गंधार अनुक्त राहतो. गंधार न बोलल्याने साथ कोणत्याही एका भावाला बांधली जात नाही. आयरिश धुनांचे स्वरसमूह मुख्यतः चार असतात, आणि ते बिलावल, खमाज, काफी व आसावरी या थाटांच्या स्वरांशी जुळतात. अनेक धुना एका भागात खमाजाचे तर दुसऱ्या भागात काफीचे स्वर घेतात, काही तर निषाद कोमल की शुद्ध हे अखेरपर्यंत ठरू देत नाहीत. पियानोची किंवा गिटारची भरीव स्वरसंहती अशा धुनेवर ठेवली की ती धुनेचा अर्थ आधीच ठरवून टाकते, आणि लोकसंगीताच्या जाणकारांचा तालबद्ध-संहतीबद्ध साथीवर जो राग असतो तो याच कारणाने. तो राग सनातनीपणाचा मानणे अन्यायाचे होईल. लनी यांच्या साथीत धुनेची ही अनिश्चितता शाबूत राहते.

जॅझचा धागा जुळू शकला तोही याच दारातून. जॅझ म्हटल्यावर झपाट्याने बदलणाऱ्या स्वरसमूहांची जी शैली डोळ्यांसमोर येते, तिच्याशी आयरिश धुनेचे काहीही जमले नसते. परंतु १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रिकेपासून जॅझमध्ये एक निराळी वाट रूढ झाली होती, जिच्यात एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ राहून विस्तार केला जातो. फ्यूजनने ही वाट पुढे नेली. एका थाटात मुक्काम करणारे जॅझ आणि एका आधारस्वरावर उभी असलेली धून यांच्यात वैर नाही. शिवाय महाविष्णू ऑर्केस्ट्रासारख्या वृंदांत गिटार आणि व्हायोलिन अतिवेगवान सुरावटी एकसुरात वाजवत असत, आणि आयरिश वादकांच्या मैफलीतही सर्वजण एकच धून एकसुरात वाजवतात. एकसुराचा हा संस्कार दोन्हीकडे आधीपासून होता, म्हणून पाइप्स आणि सोप्रानो सॅक्सोफोन एका ओळीत धावतात तेव्हा कोणी पाहुणा वाटत नाही.

'द लार्क' या नावाची या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत दीर्घ रचना दहा मिनिटांहून अधिक चालते आणि तिच्यात अनेक धुना एकामागून एक गुंफलेल्या आहेत. त्यांत 'लँगस्ट्रम्स पोनी'सारखा परंपरेतला जिग आहे, आणि जिचे नाव बॉथी बँडच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेलाही दिले गेले होते अशी, नावात म्हातारी असलेली एक धूनही आहे. ही रचना स्वरलिपीत उतरवण्याचे काम हाती घेणाऱ्याचा अनुभव सांगण्यासारखा आहे. धुना लिहिणे तुलनेने सोपे जाते. आठ आठ मोजमापांचे दोन भाग, प्रत्येक भागाची पुनरावृत्ती, मग पुढची धून. हा साचा डोळ्यांसमोर असला की कानाला आधार मिळतो. अडचण सुरू होते ती अलंकरणापाशी. पाइप्सवर जिभेने स्वर तोडता येत नाहीत, म्हणून एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या बोटाचा सूक्ष्म आघात करावा लागतो. या आघातांचे प्रकार ठरलेले आहेत, आणि सर्वांत खालच्या स्वरावर तर तीन वेगवेगळ्या बोटांच्या आघातांनी त्या स्वराचे तुकडे पाडले जातात. चँटरचे टोक मांडीवरील कातड्यावर दाबून क्षणभर संपूर्ण शांतता आणण्याची युक्तीही आहे. हे सर्व लिहायचे ठरवले तर कागद काळा होतो आणि धून दिसेनाशी होते. न लिहावे तर उरते ती धून नव्हे, तिचा सांगाडा. भारतीय संगीतातील कणस्वर आणि मींड लिहिताना भातखंडे यांच्या लिपीसमोर जो प्रश्न येतो त्याच जातीचा हा प्रश्न असून तो लिपी बदलून सुटत नाही.

अधिक शिकवणारा भाग मात्र धुनेच्या खाली आहे. एकच धून तीनदा वाजवली जाते, ही परंपरेची रीत. नर्तकांसाठी ती आवश्यक होती, बसून ऐकणाऱ्यासाठी नव्हती. लोकवादक ही पुनरावृत्ती बारीक अलंकरणभेदांनी जिवंत ठेवतो, आणि ते भेद ओळखायला परंपरेत मुरलेला कान लागतो. मूव्हिंग हार्ट्सने पुनरावृत्तीचा प्रश्न खालून सोडवला. स्वरलेखन करणारा वरच्या ओळीकडे पाहत राहिला तर त्याला तेच ते दिसते. बेसवादक ओएन ओ'नील यांच्या ओळीकडे लक्ष वळवले की तीच धून प्रत्येक फेरीत निराळ्या जमिनीवर उभी असल्याचे लक्षात येते. धुनेचा तोच स्वर कधी पंचम ठरतो, कधी निषाद, कधी गंधार, कारण त्याच्याखालचा स्वर बदललेला असतो. जॅझमध्ये जुन्या सुरावटीला नवी संहती देण्याची ही जुनीच कसरत. परंतु येथे ती बेसच्या एकेका स्वराने केलेली असल्यामुळे धुनेला गुदमरवत नाही. सुरावट अबाधित ठेवून तिचा अर्थ तळातून पालटणे हे या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत मोठे काम आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

तालाबाबतही अशीच देवघेव झाली. आयरिश रीलमधील लागोपाठचे दोन स्वर लिहिताना समान लिहिले तरी वाजवताना समान नसतात. पहिला किंचित लांब आणि दुसरा किंचित आखूड असतो, व या असमानतेचे प्रमाण प्रदेशागणिक आणि वादकागणिक बदलते. रॉकचा ठेका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वजन टाकतो आणि मधले भाग काटेकोर समान ठेवतो. हे वजन रीलवर जसेच्या तसे टाकले की धुनेची उसळी मारली जाते, आणि १९७० च्या दशकातील अनेक प्रयत्न या ठिकाणी फसले आहेत. मूव्हिंग हार्ट्समध्ये ड्रमवर मॅट केलगन आणि इतर तालवाद्यांवर नोएल एकल्स अशी कामाची वाटणी होती, शिवाय लनी यांचे बोरान हे हाती धरून दांडीने वाजवायचे चर्मवाद्य होते. भार उचलायला इतके हात असल्यामुळे ड्रमला प्रत्येक जागा भरण्याची गरज उरली नाही. वृंद मोठा असण्याचा अर्थ येथे आवाज मोठा असणे असा झाला नाही. प्रत्येकाला कमी वाजवता आले, असा झाला.

हे शहाणपण कोठून आले, याचे उत्तर ध्वनिमुद्रण-कक्षात सापडत नाही. डब्लिनमधील बॅगट इन या पबमध्ये हा वृंद १९८१ पासून ठरलेल्या वारी नियमितपणे वाजवत असे. तेथे ऐकायला येणारे लोक पुन्हा पुन्हा तेच असत, म्हणजे एकाच मांडणीवर विसंबता येत नसे. आणि जागा लहान असल्यामुळे चुकीचा परिणाम लगेच समोर दिसत असे. ते वर्षही सामान्य नव्हते. उत्तर आयर्लंडमधील तुरुंगात राजकीय कैद्यांनी केलेल्या उपोषणात १९८१ मध्ये दहा जणांचा मृत्यू झाला, आणि त्या काळातील मूव्हिंग हार्ट्सच्या गीतांत राज्यसत्ता, अण्वस्त्रे आणि अन्याय हे विषय उघडपणे होते. १९८१ आणि १९८२ च्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत क्रिस्टी मूर यांचा आवाज या आशयाचा वाहक होता. ते बाहेर पडल्यावर मिक हॅनली आणि नंतर फ्लो मॅकस्वीनी यांनी गायन सांभाळले. 'द स्टॉर्म'मध्ये शब्दच राहिले नाहीत. एका राजकीय वृंदाने अखेरीस मौन पत्करले असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह होऊ शकतो, पण तो योग्य नाही, कारण या मुद्रिकेत 'ट्रिब्यूट टू पेडर ओ'डॉनल' ही लनी यांची रचना आहे. ओ'डॉनल हे डोनेगलचे कादंबरीकार, प्रजासत्ताकवादी आणि कष्टकऱ्यांचे संघटक होते. मुद्रिका निघाली तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेलेले होते आणि पुढच्याच वर्षी वारले. शब्द गळाले तरी निष्ठा कोणाशी आहे ते सांगायला या लोकांनी संकोच केला नाही.

ती निष्ठा वृंदाच्या अंतर्गत व्यवहारातही होती. मूव्हिंग हार्ट्स सहकारी तत्त्वावर चालवला गेला. प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध वादक असा भेद वाटणीत केला गेला नाही, आणि सामान वाहणारे, ध्वनियंत्रणा सांभाळणारे सहकारीही त्या व्यवस्थेत धरलेले होते. आर्थिकदृष्ट्या हा मार्ग खडतर होता, हे समजायला हिशेबाच्या वह्या पाहण्याची गरज नाही : दहाच्या आसपास माणसे, त्यांच्या वाद्यांचा भार, प्रवास, आणि त्या मानाने आयर्लंडसारख्या छोट्या देशातील मर्यादित श्रोतृवर्ग. तरीही या व्यवस्थेचा संगीतावर झालेला परिणाम ऐकू येतो असे म्हणावेसे वाटते. फ्यूजनच्या अनेक वृंदांत रचना ही एकामागून एक येणाऱ्या एकलवादनांची निमित्तमात्र चौकट असते. 'द स्टॉर्म'मध्ये एकलवादन आहे, पण ते धुनेच्या पोटातून निघते आणि धुनेत परत जाते, आणि कोणीही आपल्या पाळीची वाट पाहत उभा आहे असे वाटत नाही. डेक्लन मास्टरसन यांच्या रूपाने दुसरा पाइपवादक घेण्याचा निर्णयही याच वृत्तीचा आहे, कारण ज्या वाद्यावर वृंदाची ओळख उभी आहे त्याचा एकमेव मानकरी राहण्याचा हक्क स्पिलेन यांनी राखून ठेवला नाही. शीर्षकरचनेच्या पोटातील एका धुनेचे नाव 'द स्टाफ इन द बॅगट' असे आहे. धुनांना माणसांची, गावांची, जनावरांची नावे देण्याची आयरिश रीत फार जुनी. या वादकांनी आपल्या वर्षानुवर्षांच्या कामाच्या जागी पेले भरणाऱ्या आणि दिवे मालवणाऱ्या नोकरवर्गाचे नाव त्या परंपरेत कायमचे लिहून ठेवले, याबद्दल मनापासून आदर वाटतो.

मुद्रिकेच्या अखेरीस 'मे मॉर्निंग ड्यू' ही जुनी स्लो एअर येते. येथे वर वर्णिलेली सारी यंत्रणा जवळजवळ बाजूला ठेवली जाते, कारण स्लो एअरला मोजता येईल असा ठेका नसतो. ती मूळ गीताच्या शब्दांच्या चालीने पुढे जाते, आणि शब्द ठाऊक नसलेल्या वादकाने ती वाजवू नये असा जुन्या वादकांचा दंडक आहे. स्वरलेखकासाठी ही सर्वांत निरुपयोगी ठरणारी, आणि म्हणून सर्वांत जास्त ऐकावी लागणारी रचना आहे.

पुढील काळात या कामाची फळे अनेक ठिकाणी दिसली. स्पिलेन आणि अँडी अर्व्हिन यांच्या १९९२ च्या 'ईस्ट विंड'मध्ये बाल्कन प्रदेशातील विषम मात्रांच्या धुना आल्या आणि तिची निर्मिती करणारे बिल व्हेलन यांनी पुढे १९९४ मध्ये 'रिव्हरडान्स' रचले, ज्याने आयरिश ताल जगभरच्या रंगमंचांवर नेला. रिव्हरडान्सची लोकप्रियता मूव्हिंग हार्ट्सच्या वाट्याला कधी आली नाही. परंतु विषम ताल, पाइप्स आणि सॅक्सोफोन हे एकत्र नांदू शकतात हे श्रोत्यांच्या कानाला आधीच कोणीतरी पटवून दिलेले होते. मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन यांनीही पुढे 'पल्स ऑफ द वर्ल्ड' या आपल्या उपक्रमात राकेश चौरसिया यांच्या बासरीसह स्कॉटिश, आयरिश आणि ब्रेटन वादकांना एकत्र आणले. फ्यूजनच्या इतिहासात ही भेट अनपेक्षित नव्हती, कारण महाविष्णू ऑर्केस्ट्राचे जॉन मॅकलॉक्लिन आणि झाकीर हुसेन यांनी १९७० च्या दशकातच 'शक्ती'मध्ये दाखवून दिले होते की एका आधारस्वरावर उभ्या असलेल्या संगीताशी संवाद करायचा तर पाश्चात्य वादकाने स्वरसमूहांची गर्दी आधी कमी करावी लागते.

२००७ मध्ये लनी, स्पिलेन, डॉनल्ड, ओ'नील, केलगन आणि एकल्स डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट या सभागृहात पुन्हा एकत्र आले, आणि त्या मैफलींचे ध्वनिचित्रमुद्रण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकणाऱ्या अभ्यासकाला एक गोष्ट हाती लागते : धुना त्याच आहेत, त्यांचा क्रमही बराचसा ओळखीचा आहे, पण बेस आणि तालवाद्ये यांच्यातील जागा अधिक मोकळ्या झाल्या आहेत, आणि १९८५ च्या मुद्रणात सिंथेसायझरच्या त्या काळच्या ध्वनींनी जो काळाचा शिक्का उमटवला होता तो येथे जाणवत नाही. आयरिश धुनांचे छापील संग्रह विपुल आहेत आणि त्यांत वरची ओळ सापडते. खालच्या ओळी, म्हणजे ओ'नील यांचा बेस, लनी यांची बुझुकी आणि दोन तालवादकांमधील वाटणी, शिकू इच्छिणाऱ्या वादकाला ही दोन मुद्रणे समोर ठेवून, सुटे सुटे तुकडे पुन्हा पुन्हा ऐकत, स्वतःच उतरवून घ्याव्या लागतात.